पुस्तकाबाहेरचं उत्तर

धंतोली, नागपूर
२३ जुलै १९७६

चि. प्रेमिला,

काल, गुरुवार, दिनांक २२ जुलै, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी पोस्टमन कवडू माझ्या फाटकाशी आला आणि तू परत पाठवलेली माझी वही माझ्या हातात देऊन गेला. वेळ नक्की सांगते, कारण वही उघडल्यावर मी घड्याळाकडे पाहिलं. आपला अपमान किती वाजता झाला हे माणसाला ठाऊक असावं.

ही वही मी अठरा दिवस खपून केली होती. मे महिन्यात तू इथे येऊन रडकुंडीला आली होतीस. धरणाच्या वसाहतीतली चौथीपर्यंतची शाळा गुरुजींची बदली झाल्यापासून बंद, पारशिवनीची शाळा अकरा मैलांवर, आणि पावसाळ्यात एस.टी. येत नाही, तेव्हा वर्षभर तिन्ही मुलांना घरीच शिकवायचं. बाकीचे विषय तू बघशील, इतिहास-भूगोल मात्र बाईंनी लावून द्यावा. मी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं हेच दोन विषय शिकवले, त्यातली तीन वर्षं तू समोर बसलेली होतीस, म्हणून हो म्हटलं. जया बारा वर्षांची, तिला पुढच्या जूनमध्ये आपल्या शाळेची आठवीची प्रवेश-परीक्षा द्यायची. ताराचंद नऊचा, गोपिका सहाची. प्रत्येक पानावर मी तीन रकाने आखले. धाकटीला घर, अंगण, गाव. मधल्याला जिल्हा आणि राज्य. थोरलीला देश आणि सातवीची क्रमिक पुस्तकं. चाळीस आठवडे, आणि दर आठवड्याला वेगळा नकाशा.

पाच आठवड्यांनी वही तपासायला पाठव, असं मीच सांगितलं होतं. आता आठवा ते अकरावा आठवडा, म्हणजे नागपूरकर भोसले आणि सीताबर्डीची लढाई, या चार पानांवर खळ लावून कोरे कागद चिकटवलेले आहेत. तिन्ही रकाने गडप. वर जयाच्या अक्षरात एकच ओळ: "आबाजी सांगतील ते. तिघांना एकदम." खळीला मुंग्या लागल्या आहेत, त्या आता माझ्या टेबलावर फिरत आहेत.

आबाजी म्हणजे तुझे सासरे धोंडबा, हे मला कळलं. त्यांच्या वयाचा मला आदर आहे. पण अभ्यासक्रम कोण ठरवतं, ते एकदा मला कळू दे.

यमुना पांढरीपांडे


धरण वसाहत, पारशिवनी तालुका
८ ऑगस्ट १९७६

आदरणीय बाई,
सविनय नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. नाल्याला पूर होता, टपाल पलीकडच्या काठावर पडून राहिलं. दवाखान्यात एकाच दिवशी दोन बाळंतपणं झाली आणि नर्स मी एकटी.

कागद जयाने चिकटवले नाहीत, मी चिकटवले. अक्षर तिचं आहे, कारण माझे हात खळीचे होते.

बाई, तुमचे तीन रकाने मी मनापासून केले. सकाळी आठ ते एक आणि तीन ते सहा मी दवाखान्यात असते. मुलांचे बाबा, भैय्याजी, धरणाच्या ट्रकवर. मुलांजवळ सासरे. जया एका कोपऱ्यात मोगल घेऊन बसायची, ताराचंद दुसऱ्या कोपऱ्यात जिल्ह्याची पिकं, गोपिका उंबऱ्यावर "माझे अंगण". मी घरात पाय ठेवला की तिघं तीन प्रश्न घेऊन एकदम अंगावर. चूल पेटवता पेटवता मी औरंगजेबापासून अंगणापर्यंत जाऊन परत येत होते. एकीला समजावेपर्यंत दुसरा झोपून जायचा.

एक दिवस सासरे म्हणाले, "काहून वं प्रेमिला, तिघाईले तीन गावाले काहून धाडून राहिली? एकाच बैलबंडीत बसव ना."

मी म्हटलं, आबाजी, परीक्षा आहे.

"परीक्षा जयाची हाय. बाकी दोघाईची कोन घेऊन राह्यलं?"

मग त्यांनीच सुरू केलं. छप्पन्न साली ते आणि माझ्या सासूबाई कांताबाई गावाहून दोन दिवस चालत नागपूरला धम्मदीक्षेला गेले, ती वाट. सासूबाई आता नाहीत. आबाजी एकेक गाव सांगतात. गोपिका प्रत्येक गावाचा एक चिंचोका ठेवते आणि मोजते. ताराचंद रस्ता काढतो, पेंच नदी कुठे, कन्हानचा पूल कुठे, कामठी कुठे. जया लिहून घेते की का गेलात, काय शपथ घेतली, परत आल्यावर गावात काय झालं. एकच गोष्ट, आणि तिघांना ज्याच्या त्याच्या वयाचं काम. गेल्या पंधरा दिवसांत मी एकदाही कोणावर ओरडले नाही.

भोसले टाकलेले नाहीत. मागे सरकवले आहेत.

तुमची,
प्रेमिला सोमकुवर


धंतोली
१४ ऑगस्ट १९७६

चि. प्रेमिला,

चिंचोके ठीक आहेत. सहा वर्षांच्या मुलीला संख्या आणि अंतर एकत्र कळतं, हे मी मान्य करते. ताराचंदचा रस्त्याचा नकाशा पाठव. त्यात उत्तर दिशा आणि प्रमाण नसणार, हे मी न बघता सांगते.

पण जयाचं काय? तिला परीक्षा द्यायची आहे, तुझ्या सासऱ्यांना नाही. घरातली आठवण म्हणजे इतिहास नव्हे. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट ही तर जुनी बातमी. परीक्षकाला म्हाताऱ्याची पायपीट नको असते, त्याला सन, कारणं आणि परिणाम हवे असतात, तेही पुस्तकातल्या क्रमाने. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः कॉन्व्हेंटात शिकले. सिस्टर क्लेअरने मला थेम्सच्या उपनद्या अशा पाठ करून घेतल्या होत्या की झोपेतून उठवलं तरी सांगितल्या असत्या. नाग नदी कुठून निघते हे मला तिसाव्या वर्षी कळलं, तेही सहलीला गेले म्हणून. पण परीक्षेत मला थेम्सनेच पास केलं, नाग नदीने नाही.

सीताबर्डीचे चार आठवडे परत लाव. हवं तर ऑक्टोबरात लाव, पण लाव. बाकीच्यांना तुझ्या बंडीत बसव.

यमुना पांढरीपांडे


धरण वसाहत
३ नोव्हेंबर १९७६

आदरणीय बाई,
सविनय नमस्कार.

सोबत ताराचंदचा नकाशा. उत्तर दिशा दाखवली आहे. प्रमाण काढायला आबाजींना विचारलं, तर ते म्हणाले, "एक बिडी म्हनजे अर्धा कोस." तेच लिहिलं आहे.

जयाला सप्टेंबरात हिवताप आला, तीन आठवडे गेले. दिवाळीनंतर भोसले आणि सीताबर्डी पूर्ण केलं. सव्वीस आणि सत्तावीस नोव्हेंबर अठराशे सतरा. कारणं पाच, परिणाम चार, सगळं पाठ आहे. मीच तोंडी परीक्षा घेतली.

फक्त तिने एक विचारलं, "आई, या लढाईत आपले लोक कोण्या बाजूनं होते?" मला सांगता आलं नाही. तुमच्या जवळच्या पुस्तकात असेल तर कळवावे.

आणखी एक. नववीत तुम्ही आम्हाला सांगत होतात, एका तोंडून ऐकलं तर गोष्ट, दोन तोंडून ऐकलं तर पुरावा. मी ते जयाला सांगितलं, तर आता ती आबाजींच्या वाटेला दुसरा साक्षीदार शोधते आहे. सासूबाई असत्या तर प्रश्न नव्हता. आबाजी म्हणाले, "तुह्या बाईले विचार ना. त्या दिवशी त्या नागपुरातच होत्या. आमी तर त्याईच्या धंतोलीतूनच गेलो. त्याईनं काय पाह्यलं, ते लिहून मांग."

तर जयाच्या वतीने विचारते. तुम्ही त्या दिवशी काय पाहिलंत? चार ओळी लिहिल्या तरी तिला पुरे.

मी फार लिहिते आहे. दिवसभर बोलायला मोठं माणूस कोणी नसतं. तिन्ही मुलं घरात, आणि मला कधी कधी वाटतं की शाळा म्हणजे मुलांपेक्षा आयांसाठीच काढली असावी.

तुमची,
प्रेमिला


धंतोली
२० नोव्हेंबर १९७६

चि. प्रेमिला,

बिडीचं प्रमाण नकाशात चालत नाही. माणूस दमला की बिडी लवकर संपते. ताराचंदला मैलाचे दगड मोजायला सांग.

जयाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. चार पुस्तकं पाहिली.

दुसऱ्या गोष्टीबद्दल: मी अभ्यासक्रमात नाही. मला त्यात घालू नका.

सातवीचा नवा नकाशासंग्रह वेगळ्या टपालाने पाठवते आहे. माझे गुडघे धरले आहेत, म्हणून पत्र लहान.

यमुना पांढरीपांडे


धंतोली
१६ जून १९७७

मुख्याध्यापिका यांस,

(म्हणजे तुलाच, अरुंधती. पण हे पत्र आवक-नोंदीत चढावं म्हणून पदाला लिहिते आहे.)

आज, गुरुवार, दिनांक १६ जून १९७७, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी शाळेच्या फलकावर आठवीच्या प्रवेश-परीक्षेचा निकाल लागला. मी आणि जया सोमकुवर त्या फलकासमोर उभ्या होतो. ही माझी जुनी विद्यार्थिनी प्रेमिला हिची मुलगी. शाळेविना वर्षभर घरी शिकली आणि परीक्षेसाठी आठवडाभर माझ्याकडे राहिली आहे. तिला मराठीत एकाहत्तर, गणितात चौसष्ट. इतिहास-भूगोलात पन्नासपैकी सतरा. पास व्हायला वीस लागतात. म्हणून नापास.

मी पेपर पाहायला मागितला. तुझ्या कारकुनाने तो टेबलावर धरला आणि सांगितलं की उतरवून घ्यायची परवानगी नाही. मला ऐकू आलं नाही. वयोमानाने असं होतं. मी उतरवून घेतलं.

प्रश्न पाचवा, गुण दहा: "आपल्या जिल्ह्यात घडलेल्या एका ऐतिहासिक घटनेचे वर्णन करा." जयाचं उत्तर असं:

"चौदा ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. माझे आजोबा धोंडबा व आजी कांताबाई गावाहून दोन दिवस चालत आले. आजीजवळ पांढरे लुगडे नव्हते, म्हणून तिने सासऱ्यांची दोन धोतरे जोडून लुगडे केले. कन्हानच्या पुलावर इतकी माणसे होती की आजोबांना खाली पाणी दिसले नाही. दीक्षा घेऊन ते परत निघाले. आजोबा म्हणतात, जाताना आम्ही गावाच्या विहिरीला वळसा घालून गेलो, येताना सरळ आलो. हे एकाच माणसाने सांगितलेले आहे. दुसऱ्या साक्षीदारास विचारले होते. उत्तर आले नाही."

यावर लाल शाईची एक आडवी रेघ, शून्य, आणि शेरा: "पुस्तकाबाहेर."

ही घटना घडली नाही काय? ती या जिल्ह्यात घडली नाही काय? मुलीने सन चुकवला काय? तेरा वर्षांची मुलगी आपला पुरावा अपुरा आहे हे स्वतः लिहून देते. एकतीस वर्षांत मला अशी किती उत्तरं मिळाली ते मी एका हाताच्या बोटांवर सांगेन, आणि त्यातली काही बोटं उरतील.

पेपर पुन्हा तपासला जावा.

कु. यमुना पांढरीपांडे
निवृत्त शिक्षिका


नागपूर
१७ जून १९७७

आदरणीय बाई,
सा. न.

पत्र मिळालं. नोंदही केली. मी पेपर स्वतः पाहिला आणि परीक्षक बाईंशी बोलले. उत्तर चांगलं आहे. हे मी खाजगीत म्हणते.

पण परीक्षा-नोंदवहीत नियम सातवा आहे. तो जसाच्या तसा उतरवते: "प्रवेश-परीक्षेत क्रमिक पुस्तकाबाहेरील उत्तरास, ते बरोबर असले तरी, गुण देऊ नयेत." दिनांक ३ मे १९६१. खाली सही य. पांढरीपांडे, परीक्षा-प्रमुख. बाई, अक्षरही तुमचंच आहे. "बरोबर असले तरी" याखाली तुम्ही दोनदा रेघ मारली आहे.

मी तेव्हा नवीन लागले होते. मी तुम्हाला विचारलं होतं की हा फार कडक नियम नाही का. तुम्ही म्हणालात, नियम एकदा वाकवला की तो पुढे मोठ्यांच्या मुलींसाठीच वाकत राहतो. मी सोळा वर्षं तो वाकवलेला नाही. यंदासुद्धा एका मोठ्या डॉक्टरांच्या मुलीला याच नियमाने बाहेर ठेवलं आहे. आता मी आपल्या ओळखीच्या मुलीसाठी तो सोडला, तर त्यांना काय सांगू?

शाळा सोमवारी, २७ तारखेला सुरू होते. त्याच दिवशी जयाला मिळाली असती ती जागा प्रतीक्षा-यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल, आणि वसतिगृहातली खाटही. मला वाईट वाटतं. पण मी थकले आहे बाई, जूनमध्ये माझ्या दारात रोज कोणी ना कोणी उभं असतं.

आपली,
अरुंधती देवपुजारी


धंतोली
१८ जून १९७७

चि. प्रेमिला,

जया नापास झाली हे तुला तारेने कळलंच आहे. का झाली ते तारेत लिहिण्यासारखं नव्हतं.

तिने पाचव्या प्रश्नात सीताबर्डी लिहिली नाही, आबाजींची वाट लिहिली. मी तिला विचारलं, "तुला लढाई येत होती ना?" म्हणाली, "येत होती. पन ते मी पाठ केलं होतं. हे मी विचारलं होतं."

त्या उत्तराला शून्य मिळालं ते एका नियमामुळे. तो नियम मी लिहिलेला आहे, एकसष्ट साली. तेव्हा एका आमदाराच्या पुतणीने पानिपतच्या प्रश्नाला काकांच्या तुरुंगवासाची दोन पानं लिहिली, आणि एका बाईंनी तिला दहापैकी नऊ दिले. मला संताप आला. वशिला बंद व्हावा म्हणून मी नियम केला. ज्यांच्या घरची गोष्ट पुस्तकात कधी आलीच नाही, त्यांचं काय होईल, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. पुस्तकात सगळं असतं असंच मी धरून चालले होते. माझं सगळं त्यात होतं.

दुसरी गोष्ट. नोव्हेंबरात तू विचारलेल्या चार ओळी.

त्या दिवशी रविवार होता, दसराही. मी इथेच, याच घरात, व्हरांड्यात बसून सहामाहीचे पेपर तपासत होते. इतिहासाचे. आदल्या दिवसापासून रस्त्यावरून माणसं जात होती आणि सकाळी तर रस्ता दिसेनासा झाला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. गडबड नव्हती, पायांचा आवाज होता. दहाच्या सुमारास एक बाई फाटकाशी थांबली. कडेवर मूल होतं. तिने पाणी मागितलं. मी मोलकरणीला आत बोलावून म्हटलं, नळ गेला आहे असं सांग. नळ गेला नव्हता. ती बाई निघून गेली. मग मी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या आणि संध्याकाळपर्यंत पेपर तपासले.

ती तुझी सासू होती असं मी म्हणत नाही. लाखो होते. पण मी काय पाहिलं, असं जयाने विचारलं होतं, ते हे. मी उत्तर दिलं नाही, आणि तिने पेपरात तेही लिहून टाकलं.

जया रागावलेली नाही. जेवते, नकाशासंग्रह बघते, माझ्याशी मोजकं बोलते. तिला अजून हे सांगितलेलं नाही. तू म्हणशील तर सांगेन.

यमुना


धरण वसाहत
२० जून १९७७

आदरणीय बाई,

तुमचं पत्र भैय्याजींच्या ट्रकने आलं, हेही त्याच ट्रकबरोबर पाठवते आहे, टपालाची वाट पाहायला वेळ नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मग आबाजींना वाचून दाखवलं. दाखवावं की नाही यात माझा एक दिवस गेला. ऐकून त्यांनी बिडी पेटवली. मग म्हणाले, "आमाले त्या दिवशी धंतोलीत पानी नाही भेटलं, हे मी पोराईले सांगतलंच नव्हतं. म्हटलं, चांगल्या दिवसाची गोष्ट हाय, त्याच्यात ते कायले?" थोड्या वेळाने म्हणाले, "बाईनं खरं लिहिलं ना? मंग जयाले सांग म्हणा. दुसरा साक्षीदार भेटला. अन् बाईले माहा जयभीम लिही."

तो लिहिला.

माझं म्हणाल तर मला राग आला. अजून आहे. तुमच्या वर्गात मी तीन वर्षं पहिल्या बाकावर बसत होते. तुमच्या घरी येऊन किती वेळा पाणी प्यायले असेन. आता ते सगळे पेले आठवत बसले आहे. मी माफ केलं वगैरे लिहिणार नाही, आणि तुम्ही मागितलेलीही नाही, ते बरं केलंत.

मला एकच हवं आहे. जयाला जागा. ती या वर्षी परत आली तर मी तिला आणखी एक वर्ष घरी शिकवू शकणार नाही. तिघांचा इतिहास-भूगोल करता करता माझ्यात काही उरलेलं नाही. ती माझ्या मदतीला दवाखान्यात येऊ लागेल, पट्ट्या धुईल, पाणी उकळेल, चांगलं काम करेल, आणि मग तिथेच राहील. सगळे म्हणतील, किती गुणाची पोरगी. मला ते नको आहे.

नियम तुमचा आहे. तुम्हीच काढा.

प्रेमिला


धंतोली
२२ जून १९७७

मुख्याध्यापिका यांस,

१७ तारखेच्या पत्राचं हे उत्तर. हेही आवक-नोंदीत चढवावं.

नियम सातवा माझा आहे, हे तू बरोबर सांगितलंस. तो मी या पत्राने मागे घेते. निवृत्त माणसाला तसा अधिकार नाही, हे मला माहीत आहे, म्हणून त्याबरोबर कारणही देते. तो नियम मी वशिल्याविरुद्ध केला होता. पानिपत विचारलं आणि काका लिहिला, तर गुण देऊ नयेत, हे आजही माझं मत आहे. पण इथे जिल्ह्यातली घटना विचारली आणि मुलीने जिल्ह्यातली घटना लिहिली. प्रश्नात "क्रमिक पुस्तकातील" असा शब्द नाही. तो परीक्षकाने मनात वाचला. डॉक्टरांच्या मुलीचाही पेपर काढ. तिनेही विचारलेलं तेच लिहिलं असेल, तर तिलाही गुण दे. मग तुला कोणालाच काही सांगावं लागणार नाही.

जया माझ्या ओळखीची आहे म्हणून मी लिहिते आहे, असं तुला वाटतं. ती ओळखीची नसती तर मी तो पेपर पाहायला गेलेच नसते, आणि असे किती पेपर गेल्या सोळा वर्षांत माझ्या नियमाखाली गेले ते मला कधी कळलं नसतं. ते आता शोधता येणार नाहीत. हा एक समोर आहे.

उत्तर एका माणसाच्या सांगण्यावर आधारलेलं आहे, असं मुलीने स्वतः लिहिलं आहे. म्हणून सोबत दुसऱ्या साक्षीदाराचा जबाब जोडते आहे. तो माझा आहे. एक पान आहे, सहीनिशी. वाचून झाल्यावर तुला माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे. मी काल तो जयाला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "त्या बाईच्या कडेवरचं मूल किती मोठं होतं?" मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, "मंग तसंच लिहा, आठवत नाही म्हणून." तसं लिहिलं आहे.

मला दहापैकी दहा नकोत. मी तपासला असता तर सहा दिले असते. वाटेचा नकाशा काढला नाही याचे चार कापले असते. पण पास व्हायला तिला तीनच पुरेत.

तरीही तुला नकार द्यायचा असेल, तर माझ्या नियमामागे उभी राहू नकोस. शाळेच्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या सहीने एवढं एकच वाक्य लिहून दे, की १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या शहरात ऐतिहासिक असं काहीही घडलं नाही. ते तुला लिहिता आलं, तर मी जयाला घेऊन स्वतः एस.टी.त बसेन आणि तिच्या आईजवळ पोचवून येईन.

दोहोंपैकी जे काय असेल ते लेखी उत्तर शनिवार, २५ जून १९७७, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत माझ्या घरी पोचलं पाहिजे. शिपायाबरोबर तोंडी निरोप पाठवू नये.

कु. यमुना पांढरीपांडे